रिकामी बाटली परत करू नये

माझ्या उजव्या हाताच्या पहिल्या बोटाने मला सलग तीन दिवाळ्या मान खाली घालायला लावली.

भाऊबीजेच्या दुपारी माझी नणंद शालन डोंबिवलीहून येते, जेवते, पानाला चुना लावते आणि म्हणते, “वहिनी, बोर्ड काढ.” हे एकाहत्तर सालापासून चालू आहे. मी लग्न होऊन टेंभी नाक्याच्या चाळीत आले तेव्हा नव्या नवरीची परीक्षा म्हणून तिने मला कॅरमला बसवलं होतं. सासूबाईंना वाटलं, पोर रडून उठणार. पण मी माहेरी भावांच्या घोळक्यात वाढलेली. शालनला मी अशी धुतली की चाळीतली माणसं दारात येऊन उभी राहिली. त्या दिवशी ठरलं, हरेल तिने जिंकलेलीला चहा करून द्यायचा आणि कप हातात देताना सगळ्यांसमोर म्हणायचं, “तुझा हात धरणारं कुणी नाही.” मी तिला ‘वन्सं’ आणि ‘तुम्ही’ म्हणते, त्यामुळे माझ्या तोंडी ते “तुमचा हात” होतं. इतक्या वर्षांत हे वाक्य आम्ही दोघींनी साधारण सारखंच म्हटलं असेल. माझे यजमान, म्हणजे तिचा भाऊ, गेले तरी शालन यायची थांबली नाही. आता ती संध्याकाळी आमच्या नौपाड्यातल्या नव्या घराच्या गच्चीवरून चंद्राला ओवाळते. पण दुपारचा डाव चुकवत नाही.

मग माझ्या बोटांत संधिवात शिरला. सकाळी उठलं की मूठ वळत नाही, दुधाची पिशवी कात्रीने कापायची तर कात्री धरवत नाही. स्ट्रायकर मारायला बोट ताणलं की कळ थेट कोपरात. तिसऱ्या वर्षी मी चमच्याने स्ट्रायकर ढकलून पाहिला. शालन म्हणाली, “वहिनी, डाव खेळतेस की खीर वाढतेस?”

नौपाड्यातल्या आमच्या डॉक्टरांनी मला समजेल असं सांगितलं. “काकू, तुमच्या शरीराचा वॉचमन बिघडलाय. घरच्याच माणसांना चोर समजून काठी हाणतोय. आपण सध्या देतोय त्या गोळीने तो थोडा आवरतो, पण पुरेसा नाही. एका नव्या गोळीचा अभ्यास इथे सुरू होतोय. ती वॉचमनपर्यंत जाणारा निरोपच मधे अडवते.”

“म्हणजे कॉल लागूच द्यायचा नाही,” मी म्हणाले. मी ठाण्याच्या टेलिफोन एक्स्चेंजमधून निवृत्त झाले. जन्मभर कॉल लावून दिले. न लावणं हेही औषध असू शकतं हे मला लगेच पटलं.

अभ्यासाचं काम रुचिता नावाची मुलगी बघायची. गळ्यात ओळखपत्र, हातात पेन, चेहऱ्यावर कायम घाई. तिने मला सगळं शांतपणे समजावलं. जुनी गोळी चालूच राहील. त्याच्या जोडीला काहींना नवं औषध मिळेल आणि काहींना अगदी तशीच दिसणारी पिठाची गोळी.

“मला कुठली?”

“मला माहीत नाही, काकू.”

“डॉक्टरांना?”

“त्यांनाही नाही.”

“मग माहीत कुणाला?”

“कंप्युटरला.”

मी सही केली. पण मनात म्हटलं, बाई गं, ज्या काळात ठाण्याचे नंबर तीन आकडी होते त्या काळात कोणाचं लग्न मोडतंय आणि कोण मुंबईत दुसरं घर करतोय हे मला बोर्डावर बसल्या जागी कळायचं. हा कंप्युटर माझ्यापासून काय लपवणार?

तिथेच बाकावर मला गोदा भेटली. टिटवाळ्याची, वयाने माझ्याच आसपास, कल्याणला बालवाडीत शिकवून निवृत्त झालेली. तिचेही हात माझ्यासारखेच. रुचिताने तिच्यापुढे एक आडवी रेघ धरली होती. एका टोकाला शून्य, दुसऱ्या टोकाला दहा. दुखणं कितीवर आहे तिथे खूण करायची.

“दहा म्हणजे किती?” गोदाने विचारलं.

“सहनच होणार नाही इतकं.”

“बाळंतपण कितीवर धरायचं?”

“काकू, माझं लग्न झालं नाही अजून.”

“मग तू ही रेघ ठेव जपून. मी सांगते तुला नंतर.”

त्या दिवसापासून आमची मैत्री झाली. पहिल्या बाटल्या मिळाल्या त्याच दुपारी आम्ही जवळच्या उपाहारगृहात बसून तपास सुरू केला. मी माझी गोळी जिभेला लावली, तिने तिची. दोन्ही बेचव. मग बशीत पाणी घेऊन काठावर ओला कपडा ठेवला आणि गोळ्या त्यावर टेकवल्या. दोन्हींचा रंग तसाच. वेटर म्हणाला, “आजी, इधर सोना मत परखो.” आम्ही गोळ्या पुसून बाटलीत टाकल्या आणि चहा मागवला.

पुढच्या खेपेला रिकाम्या बाटल्या परत द्यायच्या होत्या. उरलेल्या गोळ्या पुडीत, बाटली वेगळी. मी माझी स्वच्छ धुऊन, वाळवून दिली. गोदाच्या बाटलीत बडीशेप होती, भाजलेली, वर चार खडीसाखरेचे खडे.

रुचिता दचकली. “काकू, हे काय?”

“तुला.”

“बाटली रिकामी हवी असते.”

“रिकामं भांडं परत करतात होय कुणी? आमच्यात नाही चालत. घराला बरकत राहत नाही.”

“हे घर नाही, काकू. हा अभ्यास आहे.”

“मग अभ्यासाला बरकत नको?”

रुचिताने इकडेतिकडे पाहिलं, बडीशेप तळहातावर ओतून घेतली आणि तोंडात टाकली. गोदा माझ्याकडे वळून म्हणाली, “तुमच्या नौपाड्यात देत असतील रिकाम्या. शिकलेली माणसं.” हा टोमणा मी ऐकून घेतला, कारण तेव्हा माझं मन दुसरीकडेच होतं. माझं बोट वळायला लागलं होतं.

खरंच सांगते, महिन्याभरात सकाळची ताठरता कमी झाली. मी डब्याचं झाकण स्वतः उघडलं. माळ्यावरून बोर्ड काढवून घेतला, बोरिक पावडर टाकली आणि एकटीच खेळत बसले. गोदाचं मात्र काही हलेना. तिसऱ्या खेपेलाही तिची मनगटं तशीच फुगलेली. बाटलीत बडीशेप होतीच, पण ती तिने मुकाट्याने टेबलावर ठेवली.

“तुझी खरी,” बाहेर आल्यावर ती म्हणाली, “माझी पिठाची. काय ते कळलं.”

“अगं, असं लगेच…”

“लगेच काय? तू रुमाल पिळतेस. मला साडीच्या निऱ्या सुनेकडून घालून घ्याव्या लागतात. सून चांगली आहे गं, पण निऱ्या घालताना ती मोबाइलवर बोलते. आज एक निरी उलटीच आहे. बघ.”

मी बघितली. उलटीच होती.

घरी येऊन मला जेवण गोड लागेना. आम्ही चाळीत वाढलेली माणसं. कोणाकडे आमरस झाला तर वाटी शेजारी गेल्याशिवाय आपल्या तोंडात घास जायचा नाही. आणि इथे मी एकटीने औषध खात होते. रात्रभर विचार केला नाही, इतकी काही मी थोर नाही. पण सकाळी गोदाला फोन लावला. “तुझी ही नवी बाटली आणि माझी, आपण बदलू. पुढच्या खेपेपर्यंत तू माझी खा, मी तुझी.”

गोदा म्हणाली, “आणि तुझा तो डाव? तुझी ती डोंबिवलीची?”

“बघू. अंगात मुरलं असेल तेवढ्यावर खेळीन.”

“वासंती, तुला वरती जागा मिळेल गं.”

मला तेच ऐकायचं होतं, हे कबूल करायला हवं.

दोन दिवसांनी मी टिटवाळ्याला गणपतीच्या दर्शनाला गेले. आधी दर्शन घेतलं आणि मग देवळापासून चांगलं लांब, तळ्याकाठच्या बाकावर बाटल्या बदलल्या. देवाला साक्षीला ओढायला नको, असं दोघींचं मत पडलं. येताना मला इतकं पवित्र वाटत होतं की रिक्षावाल्याने जास्त पैसे मागितले तेही दिले.

पिठाची गोळी ती पिठाचीच. चार दिवसांत माझं बोट पुन्हा कुरकुरायला लागलं. मी ते अभिमानाने सोसलं. रोज गोदाला फोन करायचे. “कसं आहे?”

“अगं, आज मी स्वतः निऱ्या घातल्या!”

“माझं जरा दुखतंय,” मी म्हणायचे, “पण तू माझी काळजी करू नकोस.” एक्स्चेंजमध्ये आमची सुपरवायझर अशा आवाजात रजा नाकारायची. तो आवाज मला कुठे वापरायला मिळाला नव्हता.

नवल म्हणजे पुढे माझंही दुखणं हळूहळू ओसरलं. शेवटी शेवटी तर बोट पहिल्यापेक्षा हलकं चालायला लागलं. मी म्हटलं, पुण्याचं फळ.

दिवाळीच्या आधी चौथी खेप आली. दवाखान्याच्या जिन्याखाली आम्ही बाटल्या परत बदलून घेतल्या. माझ्या नावाची चिठ्ठी असलेली बाटली माझ्याकडे, तिची तिच्याकडे. गोदाने आपल्याकडची बाटली पर्समधून काढून माझ्या हातात कोंबली, मी न बघता पिशवीत टाकली. जिन्यावर कोणीतरी येत होतं.

रुचिताने आधी गोदाची बाटली घेतली. उघडली. उलटी केली. काहीच पडलं नाही.

“काकू? आज बरकत नको?”

गोदाचं तोंड उघडंच राहिलं. रुचिताने माझी बाटली घेतली, झाकण फिरवलं, आणि टेबलावर बडीशेप सांडली. वर चार खडीसाखरेचे खडे.

ती मुलगी काही वेळ बडीशेपेकडे बघत राहिली. मग माझ्याकडे. मग गोदाकडे.

“वासंतीकाकू,” ती म्हणाली, “तुम्ही कधीपासून?”

“दिवाळी आहे,” मी म्हणाले. “म्हटलं…”

“तुमची बाटली प्रत्येक वेळी धुतलेली असते. साबणाचा वास येतो तिला.”

मी एक्स्चेंजमध्ये कधी पकडले गेले नाही. इथे चमचाभर बडीशेपेने पकडले गेले. गोदा हळूच म्हणाली, “मी कालच भरून ठेवलेली गं. हाताला सवय.”

रुचिता रडेल असं मला वाटलं होतं. ती चिडली, आणि ते जास्त लागलं. “तुम्हाला काय वाटतं, आम्ही लपाछपी खेळतो? हे औषध उद्या तुमच्यासारख्या हजारो बायका घेणार. ते खरंच चालतं का, हे कळायचा हा एकच मार्ग आहे. आता तुमच्या दोघींच्या उत्तरांचा अर्थ मी काय लावू?”

डॉक्टर आले. ते ओरडले नाहीत. आमचं रक्त काढायला लावलं आणि समोर बसले. “औषध माणूस बघून देतात, काकू. एखादीचं यकृत नाजूक असतं, एखादीला इन्फेक्शन असतं. तुम्ही बडीशेपेसारखं वाटून खाल्लंत. काही झालं असतं म्हणजे?”

आम्ही दोघी शाळेतल्यासारख्या उभ्या होतो. अभ्यासाची गोळी आमची बंद झाली. तपासण्या चालू राहणार, नेहमीचे उपचारही चालू राहणार, डॉक्टर त्यात बदल करणार होते. आणि दोघींनी एकमेकींच्या गोळ्या खाल्ल्या म्हणून, तब्येतीच्या काळजीने, वरच्या लोकांकडून आमच्यापुरतं गुपित उघडायची परवानगी मागितली गेली. ती भाऊबीजेच्या चार दिवस आधी आली.

रुचिताने दोघींना बोलावलं. राग ओसरला होता, पण गोदाने पुढे केलेल्या बडीशेपेला हात लावत नव्हती. “रिपोर्ट दोघींचे ठीक आहेत,” ती म्हणाली. “आता सांगते, कोणाला काय मिळत होतं ते. वासंतीकाकू, तुमची…”

“थांब!” मी ओरडले.

माझं मलाच नवल वाटलं. ज्या बाईने पाच महिने त्या कंप्युटरच्या नावाने बोटं मोडली ती मी. पण माझी नजर माझ्या बोटावर होती. ते मजेत वळत होतं, उघडत होतं. त्याला काही माहीत नव्हतं. माहीत झाल्यावर ते कसं वागेल, याची मला खात्री नव्हती.

“भाऊबीज होऊ दे,” मी म्हणाले. “मग सांग.”

“काकू, तुम्हाला कळायला हवं. तो तुमचा हक्क आहे.”

“हक्क आहे ना? मग मी तो गोदाकडे ठेवते. तिला सांग माझं. ती मला भाऊबीजेला डाव संपल्यावर सांगेल.”

मी बाहेर बाकावर जाऊन बसले. थोड्या वेळाने गोदा आली. चेहरा असा की बालवाडीतल्या पोराने खिशात बेडूक ठेवलाय.

“काय?” मी म्हणाले.

“काही नाही.”

“चांगलं की वाईट?”

“मी जाते बाई. मला गाडी आहे.” आणि पदर तोंडाला लावून निघून गेली. नंतर चार दिवस तिने माझा फोन उचलला नाही. सुनेने उचलला आणि सांगितलं, “आई म्हणतात, त्या घरी नाहीत.” मागून गोदाचं हसू ऐकू येत होतं.

भाऊबीजेला गोदा लाडवांचा डबा घेऊन आली. शालन आधीच येऊन बसलेली. मी ओळख करून दिली. “ही गोदा. माझ्याबरोबर औषध घेते.”

गोदाला ठसका लागला.

जेवणं झाली. शालनने पानाला चुना लावला. “वहिनी, बोर्ड काढ. आणि चमचाही काढ.”

“चमचा तुमच्या चहाला लागेल, वन्सं.”

बसलो. शालन अजूनही तशीच खेळते, जीभ दातात धरून. तिने सुरुवातीलाच पटापट सोंगट्या घेतल्या. माझे दोन नेम चुकले. तिसऱ्याला बोट सैल पडलं आणि मग मला जुना हात सापडला. तो टेंभी नाक्याचा हात, ज्याच्यासाठी खालच्या मजल्यावरचे लोक जिना चढून यायचे. कट, डबल, कोपऱ्यातली पलीकडच्या खिशात. शालनचं पान चघळायचं थांबलं. शेवटी बोर्डावर माझी एक, तिची एक आणि राणी. राणी माझ्या बाजूच्या कडेला चिकटलेली, अगदी वाईट जागी.

“सोड ती,” शालन म्हणाली. “त्या बोटाने नाही निघायची.”

मी समोरच्या कडेवर मारला. स्ट्रायकर परत आला, राणीला हलकेच लागला, राणी घरंगळत खिशात. पुढच्या फटक्यात माझी सोंगटी तिच्या मागोमाग.

शालनने चहा केला. कप माझ्या हातात देताना तीन वर्षांचं चघळलेलं सगळं गिळून ती म्हणाली, “तुझा हात धरणारं कुणी नाही.”

“सांगू?” गोदा म्हणाली. तिला आता राहवत नव्हतं.

“सांग.”

“तुझी पिठाची होती! पहिल्या दिवसापासून! खरी माझी!”

मी कप खाली ठेवला. म्हणजे मी रुमाल पिळत, डबे उघडत फिरत होते ते पिठावर. आणि मोठ्या मनाने जे दान केलं तेही पीठ. आणि ज्या दिवसांत मी सोसल्याचा आवाज काढत होते, त्या दिवसांत…

“माझं औषध खात होतीस!” गोदा डोळे पुसत म्हणाली. “माझं खरं औषध घेऊन, मला पीठ देऊन, वर रोज विचारतेस, कसं आहे गं? आणि मी येडी त्या पिठावर निऱ्या घालते! दानशूर कुठली!”

“पण तुला बरं वाटलं ना?”

“वाटलं ना! डॉक्टरांना विचारलं, पिठाने की आधीच्या गोळ्या उशिरा लागू पडल्या? तर म्हणाले, तेच शोधत होतो, तुम्ही शोधू दिलंत कुठे?”

शालन आतापर्यंत आळीपाळीने आम्हा दोघींकडे बघत होती. “एक मिनिट,” ती म्हणाली. “म्हणजे वहिनी हिच्या गोळीवर जिंकली? चोरीच्या गोळीवर?”

“चोरी नाही, अदलाबदल,” मी म्हणाले.

“ते काही नाही. मी माझं वाक्य परत घेते. तुळशीच्या लग्नाला डोंबिवलीला यायचं, पुन्हा डाव. बोर्ड हाच, सोंगट्या याच. सगळ्या मी आजच घेऊन जाते. बघू पिठाचं बोट कसं चालतं ते.”

“अर्धा डाव माझा आहे पण,” गोदा म्हणाली. “गोळ्या माझ्या.”

दोघी भांडत असताना मी मूठ वळून पाहिली. वळली. पण जरा विचार करून वळली असं मला वाटलं. तुळशीचं लग्न काही लांब नव्हतं, आणि नव्या उपचाराला वेळ लागेल असं डॉक्टर म्हणाले होते.

शालन गच्चीवर ओवाळायची तयारी करायला उठली. गोदा निघाली. “माझा डबा दे गं,” ती म्हणाली. “आणि धुऊन रिकामा देऊ नकोस हं, नौपाडेवाली.”

मी स्वयंपाकघरात गेले. डब्यात तळाशी जाड कागद घातला, त्यावर चार करंज्या, वर थोडी बडीशेप. झाकण माझ्या बोटांनी लावलं. गोदाने डबा हातात घेतला, हलवून पाहिला. आत काहीतरी कडेला लागून टक् वाजलं.

“काय आहे?”

“बरकत,” मी म्हणाले. “घरी जाऊन उघड. आणि मी सांगेपर्यंत डोंबिवलीच्या बाजूला फिरकू नकोस.”

तिने माझ्याकडे पाहिलं, मग हॉलमधल्या बोर्डाकडे, आणि डबा पदराखाली घेतला. बालवाडीच्या बाईला खिशातला बेडूक कळतो.

ती जिना उतरली असेल नसेल, तोच शालनचा आवाज आला. ती गुडघ्यावर बसून सोंगट्या पिशवीत भरत होती.

“वहिनी, काळ्या आहेत, पांढऱ्या आहेत. राणी कुठे गेली?”

“इथेच असेल, वन्सं. पलंगाखाली बघा,” मी म्हणाले, आणि तिच्यासाठी निरांजनात वात घालायला घेतली.